खरं तेच लिहा

ज्या दिवशी आमच्या जावयांना कंपनीने बक्षीस दिलं, त्याच दिवशी मी लेकीला म्हटलं, "यांना आता डॉक्टरकडे न्यायला हवं." लेक उखडलीच माझ्यावर. "आई, चार लोकांनी यांचं कौतुक केलं की तुझ्या पोटात का दुखतं गं?" घ्या! सासूच्या पोटात दुखलं, तर ते जावयाच्या कौतुकानेच दुखणार, अशी जगाची समजूत. मी गप्प बसले. गप्प बसायचा माझा स्वभाव नाही, पण हॉलमध्ये पाहुणे बसले होते आणि हातात चहाचा ट्रे होता.

आमचे जावई गॅस कंपनीत जोडारी. पाइपाने घरोघरी गॅस येतो ना, तो शेगडीपर्यंत आणून द्यायचं त्यांचं काम. पाइपाचे दोन तुकडे जोडायचे, जोडावर ब्रशने साबणाचं पाणी लावायचं आणि बघत बसायचं. बुडबुडा आला तर गळती आहे, जोड उघडून पुन्हा करायचा. नाही आला तर काम फत्ते. घरमालकाची सही घ्यायची आणि पुढचं घर गाठायचं. यावरून बरोबरच्या लोकांनी त्यांना 'बुडबुडे' नाव ठेवलं होतं. अगदी आडनाव असल्यासारखं, "काय बुडबुडे, आज लवकर?" म्हणायचे. जावई हसायचे. माणूस हसराच मुळात.

तर हे आमचे बुडबुडे जोड तपासायचे आणि घरी यायला निघायचे. वाटेत त्यांना वाटायचं, बघितला खरा, पण नीट बघितला का? मग परत जायचे. घराची बेल वाजवायचे आणि म्हणायचे, "जरा एकदा बघून घेतो." लोक खूश! आजकाल पैसे घेऊन तोंड न दाखवणारे कारागीर आणि हा माणूस आपल्या पायाने परत येतो! कुणी सरबत द्यायचं, कुणी कंपनीला कौतुकाचं पत्र पाठवायचं. पत्रांचा ढीग झाला तसा कंपनीने यांचा सत्कार केला. शाल नाही, श्रीफळ नाही, एक इस्त्री दिली. आणि यांचा फोटो काढून त्याचं मोठं पोस्टर छापलं. शेगडीपाशी गुडघ्यावर बसलेले, हातात ब्रश, आणि खाली लिहिलेलं, 'हे पुन्हा एकदा बघतात. तुम्ही बघता का?' ते पोस्टर कंपनीच्या प्रत्येक ऑफिसात लागलं.

लोकांना दिसत होता तो फोटो. घरात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. मी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून लेकीकडेच राहते. जावयाच्या घरी सासू राहते म्हणून शेजारी नाकं मुरडतात. मुरडोत बापडे, नाकं त्यांचीच आहेत. मी बघत होते की सकाळी कामाला निघताना जावई आमच्या शेगडीचं बटण दाबून बघायचे. जिना उतरायचे. पुन्हा वर यायचे. बटणाला हात लावायचे, वाकून वास घ्यायचे, साबणाचं पाणी लावायचे. पुन्हा जिना. खालच्या दारापर्यंत जाऊन परत. चेहऱ्यावर घाम. कामावर उशीर व्हायला लागला म्हणून पहाटे लवकर उठायला लागले, तर तो जास्तीचा वेळही शेगडीपाशीच जायचा. दिवसभर साबणात बुडून हातांची सालं निघाली होती. भाकरी मोडतानाही कळ यायची त्यांना.

आणि आम्ही दोघी शहाण्या! "अहो बंद आहे, मी बघितलंय," असं लेक म्हणायची. "जावई, मी इथेच उभी होते, बंद आहे," असं मी म्हणायची. म्हटलं की त्यांना बरं वाटायचं. चहा निवेपर्यंत. मग पुन्हा, "आई, तुम्ही नक्की बघितलंत ना?"

शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी एक नामी युक्ती काढली. म्हटलं, न रहेगा बांस. घरातला गॅसच काढून टाकायचा! एका सोमवारी मी पाइप बंद करून घेतला, शेगडी भंगारवाल्याला दिली आणि विजेची शेगडी आणली. अख्खी बिल्डिंग हसली. "गॅसवाल्याच्या घरी विजेवर स्वयंपाक!" हसा म्हटलं. दोन-चार दिवस जावई सुखाने जिना उतरले, एका दमात. मी लेकीकडे बघून मान उडवली की बघ, तुझी आई काय चीज आहे.

पाचव्या की सहाव्या दिवशी समोरच्या काकू मला म्हणाल्या, "तुमचे जावई फार काळजीवाहू हो. रोज सकाळी आमची शेगडी बघून जातात." मी हातातली पिशवी तिथेच ठेवली. चौकशी केली तर वरच्या मजल्यावर तेच, खालच्या मजल्यावर तेच. मी घरातला गॅस काढला तर यांनी सगळ्या बिल्डिंगचा अंगावर घेतला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. काकूच पुढे म्हणाल्या, "जित्याची खोड असते हो एकेकाची." मी म्हटलं, "खोड तुमच्या जिभेला आहे. हा आजार आहे." 'आजार' हा शब्द तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून मोठ्याने बाहेर पडला.

तरी लेक ऐकेना. तिने ऐकलं ते शाळेच्या दिवशी.

नातीला शाळेतून मीच आणते. त्या दिवशी माझ्या गुडघ्याचा एक्स-रे होता म्हणून जावयांनी आणायचं ठरलं. ते वेळेच्या आधीच कामावरून निघाले होते. वाटेत एका घरी थांबले, कालच्या जोडाला हात लावायला. तिथून निघाले तर परवाचं घर आठवलं. तिथून आणखी मागचं. मी एक्स-रे काढून घरी आले तर कुलूप. कुठे गेले म्हणून शाळेत धावले. फाटकाच्या पायरीवर नात एकटी बसलेली, ऊन उतरून गेलेलं. मी जन्मभर शाळेत शिपाई होते, फाटकावर बसून माझे केस पिकले. न्यायला कुणी न आलेली पोरं मी खूप बघितलीत. ती रडत नाहीत. सँडलचा पट्टा काढतात, लावतात, काढतात, लावतात. आमचीही तेच करत होती. मला म्हणाली, "आजी, बाबा विसरले का मला?" तेवढ्यात जावई धावत आले. त्यांनी तिला उचलून छातीशी धरलं.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते तर ते आत आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस माझ्यासमोर कधी पाय पसरून बसला नाही. तो ओट्याला टेकून हुंदके द्यायला लागला. "आई, मला कळतं हो. जोड पक्का असतो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं असतं. तरी वाटतं, आत्ता तिथे भडका उडेल, माणसं मरतील आणि ती माझ्यामुळे मरतील. पाय आपोआप मागे फिरतात. मला हे नको आहे. मला कुणीतरी थांबवा." दारात लेक उभी होती. तिने सगळं ऐकलं. काळजाला घरं पडतात म्हणतात ना, ती तेव्हा माझ्या पडली. आणि त्याच क्षणी मला रागही आला, सरबत पाजणाऱ्यांचा, पत्रं लिहिणाऱ्यांचा, पोस्टर छापणाऱ्यांचा. माणूस बुडतोय आणि हे काठावरून टाळ्या वाजवतायत!

मी म्हटलं, "थांबवणारे डॉक्टर असतात. आमच्या शाळेत चित्रकलेच्या बाई जायच्या मनाच्या डॉक्टरकडे. वार ठरलेला असायचा, सगळ्यांना सांगून जायच्या आणि येताना आम्हाला पेरू आणायच्या. तुम्हीही जायचं." जावई म्हणाले, "मला वेड लागलंय का आई?" मी म्हटलं, "वेड लागलेला माणूस असं विचारत नाही. डोळे पुसा आधी."

पण जायचं म्हणजे असं उठून जाता येत नव्हतं. आमच्या शहरात मनाचे डॉक्टर मोठ्या हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर बसतात, आणि कंपनीच्या माणसाला तिथे जायचं तर आधी कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. चिठ्ठी नसेल तर खिडकीवरूनच परत. तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी जावयांना घेऊन दवाखान्यात गेले. बाहेर बाकं, बाकांवर जोडारी, मीटरवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, आणि समोरच्या भिंतीवर कोण? आमचे जावई! गुडघ्यावर बसून ब्रश धरलेले. त्यांच्याच फोटोखाली ते तोंड लपवून बसले.

डॉक्टर माणूस वाईट नाही. गुबगुबीत, बोलघेवडा, पाठीवर थाप मारणारा. जावयांनी खाली मान घालून सगळं सांगितलं, शाळेचंसुद्धा. डॉक्टर खो खो हसले. "अहो, हा आजार असेल तर तो सगळ्या कामगारांना व्हावा! आमचे साहेब तर देव पाण्यात घालून बसतील त्यासाठी." थकवा आलाय म्हणाले, ताकदीचं औषध दिलं, मोकळ्या हवेत फिरायला सांगितलं. मोकळ्या हवेत! तिथेच तर घोटाळा होता. फिरायला निघाले की घरं लागायची वाटेत.

औषधाची बाटली संपली, आम्ही पुन्हा गेलो. मी म्हटलं, "डॉक्टर, मनाच्या डॉक्टरची चिठ्ठी द्या." त्यांनी जावयांचे हात बघितले आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे बघा, खरा त्रास इथे आहे!" आणि खसाखसा चिठ्ठी लिहून दिली. मोठं हॉस्पिटल, त्वचा विभाग. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मी भांडायला तोंड उघडलं तर जावईच म्हणाले, "असू दे आई, हातही दुखतातच."

कातडीच्या डॉक्टर तरुण बाई होत्या. हात उलटेपालटे करून बघितले आणि विचारलं, "दिवसातून किती वेळ पाण्यात असतात? कशासाठी? आणि नाही घातले पाण्यात तर काय होईल असं वाटतं?" बस्स, एवढंच विचारलं. जावयांनी उत्तर दिलं तशी त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मलम देते, पण मलमाने हे थांबणार नाही. ही गोष्ट डॉक्टरांना चांगली माहीत असलेली आहे, पुष्कळांना होते आणि उपचारही आहेत. एक मजला वर जायला हवं तुम्हाला. मी नाही पाठवू शकत, तुमच्याच डॉक्टरकडून चिठ्ठी आणायला लागेल." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरी तुम्ही सारखं 'बंद आहे, बंद आहे' सांगता का? हळूहळू कमी करा. त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुढे वाढतं."

एक मजला! जिना समोर दिसत होता, माणसं चढत होती. आणि आम्ही एका कागदापायी उलट बसमध्ये बसून घरी आलो. हसावं की रडावं!

घरी मी बाईंचं ऐकायला गेले. सकाळी जावयांनी विचारलं, "आई, इस्त्रीचं बटण बंद आहे ना?" मी भाजी चिरत राहिले. पुन्हा विचारलं. मी चिरत राहिले. तिसऱ्यांदा ते ओरडले माझ्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. "एक शब्द बोलायला तुमचं काय जातं?" मग स्वतःच घाबरून माझ्या पाया पडायला आले. मी त्यांना उठवलं आणि म्हटलं, "जावईबापू, चिठ्ठी मिळेपर्यंत हे तुमचं-माझं असंच चालायचं. तेव्हा ती मिळवू या लवकर."

तिसऱ्या वेळी कंपनीच्या दवाखान्यात लेकही आली, सुट्टी टाकून. या खेपेला डॉक्टर हसले नाहीत. दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मी देतो चिठ्ठी. पण समजून घ्या. त्यावर मनाचा आजार लिहिला की एक प्रत ऑफिसात जाते. यांना जोडावरून काढतील. पुन्हा तपासणी होईपर्यंत कुठेतरी गोदामात बसवतील. आणि हे म्हणजे आपले पोस्टरवाले! साहेबांना काय वाटेल? मी असं करतो, डोकेदुखी लिहितो. मेंदूच्या डॉक्टरकडे जा, तिथून कुणाला कळणार नाही असं वर सरका."

लेक लगेच म्हणाली, "तसंच करू या." मी तिच्याकडे वटारून बघितलं तर तिचे डोळे भरले. "आई, तू नको सांगूस. हात दाखवून अवलक्षण कशाला? यांचं काम हेच यांचं सगळं आहे. ते काढून घेतलं तर घरी बसून आणखी खचतील." तिचंही खोटं नव्हतं. नवऱ्याची नोकरी आणि नवऱ्याचा जीव, दोन्ही एकाच तराजूत घालायला लावले होते तिला. मला तिची दया आली. पण ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते किती दिवस? मी बोलणार तेवढ्यात जावयांनी हात वर केला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "गळतंय एका जोडावर आणि तुम्ही साबण लावताय भलत्याच जोडाला. असं काम मी कधी केलं नाही. डोकं दुखत नाही माझं. खरं तेच लिहा."

मी थक्क. लेकही. हा माणूस बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तरी स्वतःच 'माफ करा' म्हणणारा.

डॉक्टरांची पाचावर धारण बसली. त्यांनी फोन उचलला आणि साहेबांना बोलावलं. हे सुरक्षा विभागाचे साहेब, पोस्टरची कल्पना यांचीच. आले तेच तोंडभर साखर घेऊन. "अरे, आपला हिरा! काय झालं आमच्या हिऱ्याला?" डॉक्टरांनी सांगितलं. साखर विरघळली. साहेब म्हणाले, "हे बघा, तुम्ही मनाला लावून घेताय. काळजी घेणं हा काय आजार आहे? थोडे दिवस रजा घ्या, कुठे हवापालट करून या." जावई म्हणाले, "साहेब, मी रजेवर गेलो तरी बिल्डिंगमधल्या शेगड्या बघत फिरतो." साहेब म्हणाले, "नवीन पोरांना आम्ही तुमचा दाखला देतो. पुढच्या आठवड्यात त्यांच्यासमोर तुमचं भाषण ठेवलंय. आणि तुम्ही वेड्यांच्या डॉक्टरकडे जाणार? भिंतीवर तुमचा फोटो, लोक काय म्हणतील?"

तिथे मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "ओ साहेब, वेडे कुणाला म्हणता? हा माणूस आपल्या पोरीला शाळेच्या पायरीवर विसरत नाही, आठवत असतानाही तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. कळतंय का काही? तुम्हाला तुमच्या भिंतीची पडलीय. शाळेत मी मोठमोठे हेडमास्तर कोळून प्यायलेत, मला तुमचा पट्टा आणि टाय दाखवू नका. चिठ्ठी मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही. बाहेर बाकावर वीसेक माणसं खोळंबलीत, त्यांना मी सांगते की दार का बंद आहे!" आणि मी डॉक्टरांच्या तपासणीच्या टेबलावर चढून बसले. गुडघा कटकन वाजला, पण बसले.

"आई, उतरा," जावई म्हणाले. शांतपणे. मला वाटलं, झालं, माघार घेतली यांनी. पण ते उठले, दार उघडलं आणि बाहेर गेले. आम्ही सगळे बघत राहिलो. बाकांवरच्या माणसांच्या मधून ते भिंतीपाशी गेले. पोस्टर चार टाचण्यांवर लावलेलं होतं. त्यांनी एक एक टाचणी काढून खिशात ठेवली. कुणीतरी म्हणालं, "काय बुडबुडे, नवीन फोटो लावणार काय?" त्यांनी पोस्टर नीट गुंडाळलं, म्हणाले, "नाही. मला बरं नाही. हे तपासणं नव्हे, हा आजार आहे माझा, आणि यांनी त्याचं चित्र काढून तुम्हाला शिकवायला भिंतीवर लावलंय. तुम्ही एकदा नीट बघा आणि घरी जा. पोरं वाट बघत असतात."

कुणी हसलं नाही. एका ड्रायव्हरने फक्त "च् च्" केलं, तेही कशासाठी ते मला कळलं नाही.

जावई आत आले आणि गुंडाळी साहेबांच्या समोर ठेवली. "फोटो नाही आता भिंतीवर. माझ्यामुळे कंपनीला लाज येण्यासारखं काही उरलं नाही. मला जोडावरून काढा, गोदामात बसवा, बसतो. खरं सांगायचं तर मला जोडांवर ठेवणंच बरोबर नाही सध्या. एका घराला लागायचा त्याच्या दहापट वेळ मी लावतो आणि पुढची घरं बिनगॅसची राहतात. लिहा डॉक्टर."

साहेब म्हणाले, "पस्तावाल." जावई म्हणाले, "मुलगी पायरीवर बसली होती तेव्हा पस्तावलो. आता नाही."

लेक इतका वेळ रुमाल पिळत बसली होती. ती उठली आणि डॉक्टरांचं पेन, जे त्यांनी टोपण लावून बाजूला ठेवलं होतं, ते टोपण काढून त्यांच्या हातात दिलं. माझीच लेक, दुसरं काय!

डॉक्टरांनी लिहिलं. लिहिताना हात जरा थांबला, तसे जावई म्हणाले, "विभाग पूर्ण लिहा, अर्धवट अक्षरं नकोत." मनोविकार विभाग. खाली कारण लिहिलं, खाली सही, शिक्का. साहेब पोस्टरची गुंडाळी तिथेच टाकून निघून गेले. आम्ही बाहेर आलो तेव्हा बाकावरची माणसं पाय आत घेऊन वाट देत होती. जावयांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती, पण ते चालत होते ताठ.

साहेबांनी शब्द पाळला हो. त्याच आठवड्यात यांना जोडावरून काढून मीटरच्या गोदामात बसवलं. लोकांची तोंडं कोण धरणार? कुणी म्हणालं सासूने फूस लावली, कुणी म्हणालं नाटक आहे, बसून पगार खायचाय. समोरच्या काकूंनी आपल्या दाराला आतून साखळी लावून घेतली. मी जिन्यातून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "जावई, गुरुवारी आपल्याला मनाच्या डॉक्टरकडे जायचंय हं!" लेक दटावायची, "आई, हळू." मी म्हणायची, "हळू कशाला? चोरी केलीय का?"

गुरुवारी आम्ही दोघं हॉस्पिटलात गेलो. लेकीची सुट्टी शिल्लक नव्हती. तिसरा मजला. गर्दी बघून मी चाटच पडले. आमच्यासारखीच माणसं, कुणी सासूबरोबर, कुणी नवऱ्याबरोबर, कुणी एकटं. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर, जणू काही हरवलंय तिथे. जावयांनी खिडकीवर चिठ्ठी दिली. आतल्या बाईने शिक्का मारला, वहीत लिहिलं, नंबर दिला आणि म्हणाली बसा. आम्ही बसलो.

जावई उठले. खिडकीशी गेले. "नोंद झाली ना?" "झाली." येऊन बसले. मी समोरच्या पंख्याकडे बघत राहिले. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. पुन्हा उठले. "तेवढी नोंद..." "झाली हो." परत आले. मी देवाला म्हटलं, इथे तरी नको रे. पण आजाराला काय, हॉस्पिटल आणि घर सारखंच. ते तिसऱ्यांदा उठले.

खिडकीतली बाई सकाळपासून बोलून बोलून दमलेली असणार. कडाडलीच. "अहो मिस्टर! किती वेळा तेच तेच विचाराल? झाली म्हटलं ना! त्रास तरी काय आहे तुम्हाला?"

अख्ख्या हॉलने माना वर केल्या. मी बाकावरून अर्धी उठले होते, तिला चार शब्द ऐकवायला. पण जावयांनी मागे हात करून मला बसवलं. नजर खाली नाही, काही नाही.

"हाच," ते म्हणाले. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "हाच त्रास आहे, बाई. झालंय हे माहीत असतं आणि तरी उठून यावं लागतं. चिठ्ठीवर लिहिलंय, वाचा. ती चिठ्ठी मी भांडून आणलीय, हातचं काम देऊन आणलीय. तुम्ही उत्तर दिलं नाही तरी चालेल, पण ओरडायचं नाही. इथे तरी नाही."

बाईने चिठ्ठी काढली आणि खरोखर वाचली. वाचून झाल्यावर साध्या आवाजात म्हणाली, "बसा. बोलावतील." नोंद झाली की नाही ते या वेळी तिने सांगितलं नाही, आणि यांनी विचारलं नाही. येऊन बसले. पाय थडथड उडत होता. शेजारच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने सरकून त्यांना जास्त जागा करून दिली.

नंबर पुकारला तशी मी पिशवी घेऊन उठले. "आई, तुम्ही बसा," जावई म्हणाले, "मी जातो." आत गेले आणि दार मागे ओढून घेतलं. मी त्या दाराकडे बघत बसले. ते पुन्हा उघडून, नीट लागलं की नाही हे बघायला कुणी आलं नाही.